मास्टरसाहेबांचे नुक्ते

मी सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत संगणक ऑपरेटर होतो. नावावर जाऊ नका. ऑपरेटर म्हणजे टायपिस्टच. एके दिवशी टेबलावरचा टाइपरायटर उचलून तिथं संगणक ठेवला, आणि माझ्या हुद्द्याचं नाव बदललं. साहेब कच्चा मसुदा द्यायचे, मी तो पक्का करून द्यायचो. खोक्यात बिघाड झाला की इंजिनिअर यायचा आणि मी चहाला जायचो.

पण पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीला हा बारकावा कळत नाही. माणूस ऑपरेटर आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्याच अखत्यारीत येणार, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं. मी निवृत्त झालो तसे लोक दारात यायला लागले. कोणता संगणक घेऊ, त्यात काय टाकू, विंडोज ठेवू की काढू. 'मला त्यातलं काही कळत नाही' हे वाक्य मला आयुष्यात कधी नीट उच्चारता आलेलं नाही. मग मी महिनाभर जेवताना मोबाइलवर तसले व्हिडिओ बघितले आणि गल्लीचा सल्लागार झालो.

सल्ला द्यायला एकदा सुरुवात झाली की आवाज आपोआप खाली येतो आणि मान हलायला लागते, हे मी स्वतःवर अनुभवलं. आमच्या समोरच्या वकिलांना ॲपलचा मॅक हवा होता. कशासाठी, तर त्यांच्या साडूकडे होता. मी त्यांना अर्धा तास गरज आणि हौस यांतला फरक सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साडूपेक्षा दोन इंच मोठा मॅक आणला. पलीकडच्या गल्लीत लग्नं जुळवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना फक्त स्थळांचे फोटो बघायचे आणि व्हॉट्सॲप उघडायचं होतं. त्यांच्या जुनाट लॅपटॉपवर मी विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं. तो लॅपटॉप असा पळायला लागला की बाईंनी मला पाव किलो बालूशाही आणून दिली. त्या बालूशाहीनं घात केला. मला वाटलं, सगळ्या जगाचं दुखणं आता मला सापडलं आहे.

नव्यानं दारू सोडलेला माणूस जसा लोकांच्या ग्लासाकडे बघतो तसा मी लोकांच्या संगणकांकडे बघायला लागलो. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या यंत्रात जीव येतो. ज्याला ऐकायचं नाही त्यालाही मी ऐकवायचो. घरी बायकोलाही समजावलं. "ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घर चालवणारं माणूस," मी म्हणालो. "कोण कुठं बसणार, कुणाच्या वाट्याला किती येणार, अनोळखी माणूस आला तर दार उघडायचं का नाही, सगळं तेच ठरवतं."

"म्हंजे मी," ती कणीक मळता मळता म्हणाली. "मग बदलायच्या गोष्टी कशाला करायलेत?"

बायकोचा धंदा ब्लाउजवर भरतकाम करण्याचा आहे. पुढच्या खोलीत तिचं संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन आहे आणि त्याला जोडलेला एक संगणक. त्याच्यावर विंडोज. तिचा नक्षी काढायचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालतच नाही. मला हे माहीत असूनही त्या संगणकाच्या आसपास मी पेन ड्राइव्ह घेऊन घुटमळायचो. एकदा तिनं मला रंगेहाथ पकडलं.

"हात लावलात तर बघा," ती म्हणाली. "श्रावणाच्या ऑर्डरी हायेत माझ्या. तुमचं ते फुकटचं तुमच्यापाशीच ठिवा."

तिला गरज आणि हौस यांतला फरक सांगायची माझी हिंमत झाली नाही.

या भरात मी मास्टरसाहेबांकडे गेलो.

मास्टरसाहेब म्हणजे उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक, आमच्यापासून चार घरं पलीकडे राहणारे. वय पंचाहत्तरच्या पुढं. उर्दू शिकवली, वाचतात मराठी वर्तमानपत्र, भांडतात दखनीत, म्हणजे इकडच्या बोलीतल्या उर्दूत. त्यांच्या पत्नीचं माहेर दौलताबादचं. त्या माहेरी जे बोलायच्या ते सासरी कुणी बोलत नसे, आणि सुरुवातीची काही वर्षं मास्टरसाहेबांनी त्यांचे उच्चार सुधारण्यात घालवली. नंतर त्यांनाच कळलं की बायको बोलते ते चुकीचं नाही, वेगळं आहे. मग ते वही घेऊन तिच्या मागं फिरायला लागले. ती चुलीपाशी काही बोलली की हे लिहून घ्यायचे. अशा सात वह्या भरल्या. त्या वह्यांचा त्यांना एक कोश करायचा होता: तिचा शब्द, आपल्या मराठीतला त्याचा भाऊबंद, आणि तो शब्द वापरून ती काय म्हणाली ते वाक्य. सगळं देवनागरीत, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना वाचता येईल. नाव ठेवलं होतं, 'आमच्या घरातली ज़बान'. ज च्या खाली टिंब. त्या टिंबाला नुक्ता म्हणतात.

पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. दौलताबादलाच त्यांची क़बर आहे. मास्टरसाहेब दर शुक्रवारी दुपारी तिकडे जातात आणि उरलेला आठवडा एका बोटानं कोश टाइप करतात.

त्यांचा संगणक तेरा वर्षांचा होता. बटण दाबून ते हातपाय धुऊन वजू करायचे, नमाज पढायचे, परत यायचे, तरी तो उघडतच असायचा. मला ते बघवेना.

"मास्टरसाहेब, याच्यावर आपण लिनक्स टाकू," मी म्हणालो. "एका तासात घोडा होईल."

"मेरेकू घोडा नक्को, ऑपरेटरसाब," ते म्हणाले. "मला फकस्त लिहायचंय. लिहिता येईल ना?"

"दुप्पट वेगानं."

"एका बोटानं दुप्पट कैसा होता?"

संगणकावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याला पांढऱ्या कापडाचा अभ्रा शिवून घेतला होता, आणि त्यावर हिरव्या दोऱ्यानं कोशाचं नाव भरलेलं होतं. मी तो अभ्रा नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला, एवढं मला स्वच्छ आठवतं. कारण पुढं जे झालं त्यात नीट केलेली गोष्ट तेवढीच.

मी शहाण्यासारखं विचारलं होतं, "सगळं पेन ड्राइव्हवर घेतलंत ना?" त्यांनी घेतलं होतं. फाइल मी स्वतः बघितली. मग मी जुनी डिस्क पुसली. पूर्ण. व्हिडिओतला माणूस म्हणायचा, नव्या घरात जुना केर कशाला न्यायचा.

तासाभरात संगणक खरोखर घोडा झाला. मी छाती काढून पेन ड्राइव्ह लावला आणि फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा होता. मोठी, लहान, स्वल्पविराम, कंस, आणि मधूनमधून पोकळ चौकोन. मास्टरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ये कौनसी ज़बान है?" त्यांनी विचारलं.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला, पण आलं. आजकालचे मराठी टंक, म्हणजे फॉन्ट, कुठल्याही यंत्रावर मराठीच राहतात. त्याला युनिकोड म्हणतात. पण जुने टंक म्हणजे निव्वळ मुखवटे. आतून इंग्रजी अक्षर, वरून मराठी तोंड. टंक आहे तोवर मराठी दिसतं; टंक गेला की मुखवटा गळतो आणि आतलं इंग्रजी उघडं पडतं. मास्टरसाहेबांचा टंक त्या जुन्या विंडोजच्या पोटात होता. मी पोटासकट पुसलं होतं.

"तुम्ही टंक घेतला नाही का पेन ड्राइव्हवर?" मी विचारलं. आवाजात थोडा दोष त्यांच्यावर जाईल अशी सोय ठेवून.

"अक्षरं वेगळी घ्यावी लागतेत व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, लिहिलं तिथंच असतेत."

मी सव्वीस वर्षं टायपिंग केलं आणि मलाही तसंच वाटत होतं.

तेवढ्यात एक गंमत झाली. पडद्यावर ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरं एकापुढं एक होती. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मांडीवर माझी बोटं आपोआप हलली. माझ्या बोटांनी 'मराठी' असं टाइप केलं. डोळ्यांना इंग्रजी दिसत होतं, बोटांना मराठी. हे जुने टंक टाइपरायटरच्याच कळपाटीवर, म्हणजे कीबोर्डवर, बेतलेले असतात. मी खुर्ची पुढं ओढली आणि मांडीवर बोटं नाचवत वाचायला लागलो. "हल्लू. मराठीत हळू. 'हल्लू चलो, पावां दुखते.'"

मास्टरसाहेब उडालेच. "अरे बाप! ऑपरेटरसाब, तुमी तर मशीन है!"

सव्वीस वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी आणखी दहाबारा ओळी तडातडा वाचल्या. आणि मग चौकोनाशी येऊन थांबलो.

त्यांना टंक करून दिला होता क्रांती चौकातल्या एका डीटीपीवाल्यानं. आपल्या साध्या टंकात नुक्त्याची अक्षरं नव्हती, म्हणून त्या कलाकारानं क़, ख़, ग़, ज़ अशी चारपाच अक्षरं स्वतः घडवून बसवली होती. माझ्या पडद्यावर त्या सगळ्यांच्या जागी तोच पोकळ चौकोन. बोटांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"हा क़ आहे का ख़?" मी विचारलं.

मास्टरसाहेबांनी चौकोनावर बोट ठेवलं. "इथंच तर सगळी गोम हाय," ते म्हणाले. "आमच्या शाळेत क़ शिकवायचे. ती माहेरचं बोलायची, तिच्या तोंडात क़ चा ख़ व्हायचा. पण समद्या शब्दांत नाय. काहींत व्हायचा, काहींत नाय. कुठं काय म्हणायची, ते मी तिला बोलतं करून, कान देऊन लिवलं. आता मला शब्द समदे याद हायेत. तिनं कसा म्हटला, ते नाय याद राहत. त्याच्यासाठीच तर लिवलं व्हतं."

"वह्या?" मी विचारलं.

"टाइप झाल्या तशा रद्दीत. तुमीच बोलले व्हते, संगणकात गेलं की अमर झालं."

मी बोललो होतो. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पिता पिता बोललो होतो.

"प्रिंट?"

"पुरं झाल्यावर काढणार व्हतो."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला. तिला सांगायचा धीर झाला नाही, कारण ती काय म्हणेल ते मला तोंडपाठ होतं. मला स्वतःची लाज वाटत होती. एका माणसाकडे त्याच्या गेलेल्या बायकोचा आवाज टिंबाटिंबांनी जपून ठेवलेला होता, आणि मी तो जुना केर म्हणून पुसला होता. तेही कुणी बोलावलं नसताना.

दुसऱ्या दिवशी मी क्रांती चौकात गेलो. डीटीपीवाल्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. कव्हरवाल्यानं डीटीपीचं नावही ऐकलं नव्हतं. त्यानं मला माझ्या फोनचं मॉडेल विचारलं. मी काहीच घेत नाही म्हटल्यावर म्हणाला, "काका, काच तरी बसवून घ्या." ओशाळून मी काच बसवून घेतली. नेटवरून तसाच दिसणारा टंक उतरवून बघितला. साधी अक्षरं झकास आली, चौकोन चौकोनच राहिले. नंतरचे चार दिवस मी मास्टरसाहेबांसमोर बसून अंदाज घेत होतो. ते एकेक शब्द दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. "ये भी ठीक लगता, वो भी ठीक लगता," म्हणायचे. एका शब्दाशी ते फार वेळ अडले, मग म्हणाले, "जाने दो," आणि पाणी प्यायला आत गेले. मला त्या 'जाने दो'चं जास्त वाईट वाटलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी मला भलतं सुचलं. निदान अभ्रा तरी धुऊन, इस्त्री करून द्यावा. माणूस अपराधी असला की कपड्यांवर उतरतो. मी अभ्रा घरी आणला. बायको मशीनवर होती. तिनं तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि मागचे टाके बघायला लागली.

"पाण्यात नका टाकू, हिरवा दोरा रंग सोडतोय," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मीच भरलाय की. तुम्ही पुण्याला लेकीकडं व्हतात तवा. मास्टरसाहेब आले व्हते. म्हणले, ताई, नाव भरून द्या, पण ज च्या खालचं टिंब सुटू देऊ नका. माझ्याकडच्या अक्षरांत त्ये टिंबच नव्हतं. मग त्यांनीच आणून दिली अक्षरं, पेन ड्राइव्हवर. डीटीपीवाल्याची."

मी तिच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसलो. "ती अक्षरं कुठायत आता?"

"असतील की हितंच," तिनं संगणकाकडे हनुवटी केली. "मी कशाला काढू? तुमच्यासारखी सवय नाय मला."

मग मला तिला सगळं सांगावं लागलं. तिनं मशीन थांबवलं. मी जे तोंडपाठ करून बसलो होतो त्यातलं ती काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "त्यांना बोलवा. आन् तुम्ही त्या माउसला हात लावू नका."

मास्टरसाहेब आले. टोपी नीट केली आणि दारातच चपला काढून उभे राहिले. बायकोनं त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, ब्लाउजचे ढीग बाजूला सारले, आणि कोशाचा पेन ड्राइव्ह लावून फाइल उघडली. आधी इंग्रजीचा उकिरडा. मग तिनं सगळं निवडलं, टंकांच्या यादीतून एक नाव शोधलं आणि दाबलं. चौकोन गेले. नुक्ते आले. ज्याला मी आठ दिवसांपूर्वी सुधारायला निघालो होतो, त्या संगणकावर आले.

मास्टरसाहेबांनी माउस धरला आणि पानं खाली सरकवत सरकवत ज्या शब्दाशी ते 'जाने दो' म्हणाले होते तिथं थांबले. मग मला खूण केली, वाचा. मी वाचलं.

"ख़बर. एक, बातमी. दोन, क़बर. शाळेत दोन वेगळे शब्द. घरात दोन्हीला एकच उच्चार, ख़बर. वाक्य: 'मेरी ख़बर लेते रहना.' मी दर वेळी विचारायचो, कौनसी? ती म्हणायची, जो पहले आए वो."

"ख़च म्हणायची," मास्टरसाहेब म्हणाले. "बराबर. ख़च." आणि त्यांनी त्याच अभ्र्यानं डोळे पुसले. बायकोनं मशीनकडे तोंड फिरवलं आणि सुईत दोरा नसल्यासारखं काहीतरी करत बसली.

त्यानंतर माझ्या सल्लागारपणाला उतरती कळा लागली. मास्टरसाहेबांच्या संगणकावर मी मुकाट्यानं विंडोज आणि बायकोकडून आणलेला टंक परत टाकून दिला. तो पुन्हा वजू-नमाजाइतका वेळ घेतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. बायकोनं स्वतःच्या संगणकाला एक अभ्रा शिवला आणि त्यावर लाल दोऱ्यानं भरलं, 'हात लावू नये'. नाव कुणाचं नाही, पण घरात आम्ही दोघंच असतो. लग्नं जुळवणाऱ्या बाई अजून लिनक्सवर खूश आहेत आणि वकिलांचा मॅक साडू आले की उघडला जातो. ज्याचं त्याचं त्याच्या जागी बरं चाललंय. आता कुणी विचारायला आलं तर मी एकच प्रश्न विचारतो: तुमचं लिहिलेलं कशात आहे? लोकांना वाटतं, हा टाळतोय.

आणि मी माझ्या मूळ कामावर परत रुजू झालो आहे. रोज दुपारी मास्टरसाहेबांकडे जाऊन मी सगळा कोश नव्यानं टाइप करतो, युनिकोडमध्ये, म्हणजे पुन्हा कुण्या शहाण्याला मुखवटा उतरवता येऊ नये. ते वाचून सांगतात, मी बोटं चालवतो. जिथं टिंब असेल तिथं ते टेबलावर बोट आपटतात. रोजच्या रोज प्रिंट निघते, आणि एक प्रत माझ्या बायकोच्या कपाटात जाते, कारण माझ्यावर कुणाचा भरवसा नाही.

शुक्रवारी मात्र सुट्टी. गेल्या शुक्रवारी मी विसरून त्यांच्या दारात गेलो, तर ते कुलूप लावत होते. अत्तर लावलेलं, हातात फुलांची पुडी.

"कुठं निघालात?" मी सवयीनं विचारलं.

"दौलताबादला," ते म्हणाले. "तिची ख़बर घ्यायला."

कोणती, ते मी विचारलं नाही. त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली आणि घरी आलो.